जुनी सूर्यदुर्बीण घेताना

सवाई जयसिंह (१६८८–१७४३) यांनी सिद्ध करविलेल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ज्योतिषविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांविषयी एक तक्रार नोंदलेली आहे. लहान आकारामुळे या यंत्रांवर अंशांचे सूक्ष्म विभाग कोरता येत नाहीत, त्यांचे आस झिजतात, मध्यबिंदू सरकतात आणि मग घेतलेले वेध खरे उतरत नाहीत, असा तिचा आशय आहे. या तक्रारीतूनच चुना-दगडाच्या भव्य यंत्रांची कल्पना पुढे आली आणि दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी येथे वेधशाळा उभ्या राहिल्या. मथुरेची वेधशाळा आज अस्तित्वात नाही. जयपूरच्या जंतरमंतरचा मात्र २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या कार्यात जयसिंहांचे गुरू जगन्नाथ सम्राट यांचा वाटा मोठा होता. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ अरबीतून संस्कृतात आणणारे हे पंडित मूळचे महाराष्ट्रीय मानले जातात, ही बाब मराठी वाचकास सुखावणारी आहे.

जयसिंहांची ही तक्रार तीनशे वर्षांनंतरही ताजी आहे. वापरलेले वैज्ञानिक उपकरण विकत घेणाऱ्या प्रत्येकासमोर तोच प्रश्न उभा असतो : यात काय झिजले आहे, काय सरकले आहे आणि जे झिजले ते दुरुस्त होण्याजोगे आहे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सूर्यदुर्बिणीच्या संदर्भात केला आहे. विषय वरवर पाहता बँकेच्या वाचकांपासून दूरचा वाटेल. परंतु वापरलेल्या वस्तूचे मोल ठरविणे, विक्रेत्याची पारख करणे आणि पैसे सुरक्षितपणे देणे या तिन्ही गोष्टी बँकव्यवहाराच्या अगदी जवळच्या आहेत. शिवाय येथे चुकीची किंमत केवळ रुपयांत मोजावी लागत नाही, डोळ्यांनीही मोजावी लागते.

सूर्यासाठी जयपूर

वर्षातील बराच काळ निरभ्र आकाश आणि कोरडी हवा लाभलेले जयपूर हे सूर्यनिरीक्षणास सोयीचे शहर आहे. येथील सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर आहे. त्याची कर्णरेषा पृथ्वीच्या आसाशी समांतर असून तिची छाया संगमरवरी चापावर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब असल्यामुळे या छायेची कड धूसर होते आणि नेमकी वेळ वाचण्यास सरावलेली नजर लागते. याच यंत्राच्या बांधणीत षष्ठांश यंत्राच्या अंधाऱ्या खोल्या आहेत. छतातील बारीक छिद्रातून येणारे सूर्यबिंब मध्यान्ही खालच्या चापावर उमटते. ही प्रतिमा इतकी स्पष्ट असते की, मोठे सौर डाग असल्यास तेही दिसू शकतात. भिंग नाही, आरसा नाही आणि डोळ्याला यत्किंचितही धोका नाही. सूर्य पाहण्याची यापेक्षा सुरक्षित रीत अद्याप निघालेली नाही, असे म्हणता येईल.

या छिद्रप्रतिमेमागचे गणित खरेदीदाराच्याही उपयोगी पडते. सूर्याचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट आहे. म्हणून कोणत्याही भिंगाने पडणाऱ्या सूर्यप्रतिमेचा व्यास त्या भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे १०८व्या भागाइतका असतो. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत सूर्यबिंब जेमतेम पावणेचार मिलिमीटरचे पडते, तर एक मीटरच्या दुर्बिणीत सुमारे नऊ मिलिमीटरचे. ‘पडदाभर सूर्य’ दाखविणारी छायाचित्रे पाहून भुलण्यापूर्वी हा साधा भागाकार करावा.

‘सूर्यदुर्बीण’ म्हणजे नेमके काय

वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात या एकाच नावाखाली तीन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात आणि त्यांच्या किमतीत दहा-वीस पटींचे अंतर असू शकते. म्हणून विक्रेता काय विकत आहे, हे प्रथम नीट समजून घ्यावे.

पहिली वस्तू म्हणजे साधी दुर्बीण व तिच्या तोंडावर बसविलेली सौर पटलाची किंवा काचेची गाळणी. डोळ्याने पाहण्यासाठीचे दर्जेदार पटल सूर्यप्रकाशाचा केवळ लाखावा भाग आत सोडते. यातून सूर्याचा पांढरा पृष्ठभाग आणि त्यावरील डाग दिसतात. छायाचित्रणासाठी बनविलेले अधिक प्रकाश सोडणारे पटलही मिळते, पण ते डोळ्यांसाठी नसते. विक्रेत्याने सुटे पटल दिल्यास ते कोणत्या प्रकारचे आहे, याचा लेखी पुरावा हवा.

दुसरी वस्तू म्हणजे हर्शेल वेज. जॉन हर्शेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या त्रिकोणी काचेच्या पृष्ठभागावरून प्रकाशाचा सुमारे विसावा भाग परावर्तित होऊन नेत्रिकेकडे येतो आणि उरलेली उष्णता मागून बाहेर पडते. आलेला प्रकाशही डोळ्यास असह्य असल्याने पुढे आणखी गाळणी लावावीच लागते. हे साधन फक्त भिंगाच्या दुर्बिणीवर वापरावयाचे असते, आरशाच्या दुर्बिणीवर नव्हे.

तिसरी आणि खऱ्या अर्थाने सूर्यासाठीच बनविलेली वस्तू म्हणजे हायड्रोजन-अल्फा दुर्बीण. हायड्रोजनच्या ६५६.२८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाचा अत्यंत अरुंद पट्टा, बहुधा एका अँगस्ट्रॉमहूनही कमी रुंदीचा, ती निवडून घेते. त्यामुळे सूर्याच्या कडेवर उसळलेल्या वायूच्या कमानी, बिंबावरील काळसर तंतू आणि डागांभोवतीची धगधग दिसते. या दुर्बिणीच्या पोटात इटॅलॉन नावाची जोडकाच असते. अर्धपरावर्तक अशा दोन समांतर काचांमध्ये प्रकाश पुन्हापुन्हा मागेपुढे जातो आणि ठरावीक तरंगलांबीच बाहेर पडते. फाब्री व पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. दुर्बिणीची बहुतांश किंमत या जोडकाचेत आणि तिच्या सोबतच्या रोधक गाळणीत असते. नळी, स्टँड, पेटी या साऱ्या दुय्यम गोष्टी आहेत. जुनी दुर्बीण पाहताना लोकांचे लक्ष मात्र नळीवरील ओरखड्यांकडेच जाते!

जयपूरच्या बाजारांत चकचकीत पितळी दुर्बिणीही भरपूर दिसतात. दिवाणखान्यात शोभेसाठी त्या खुशाल घ्याव्यात. त्यांतील बहुतेक नव्या घडणीच्या असतात आणि सूर्याकडे वळविण्यास सर्वस्वी अयोग्य असतात. एखादी खरोखरच शंभर वर्षांहून जुनी असेल, तर ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि असा पुरावशेष खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असावे.

दुर्बिणींचे दुसरे आयुष्य

वापरलेले उपकरण म्हणजे हलके उपकरण, अशी समजूत असल्यास ती दूर करणारी उदाहरणे आपल्या देशाच्या खगोलशास्त्राच्या इतिहासातच आहेत.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढे सीओईपी म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांची देणगी, मुंबई सरकारचे साहाय्य आणि प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांची जिद्द या तिहींतून ती उभी राहिली होती. डब्लिनच्या ग्रब कारखान्याची तेथील २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांचा ओढा वर्णपटशास्त्राकडे होता. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला आणि त्या मोहिमेचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्यासोबत वेधशाळाही बंद झाली. तिची साधने कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे पाठविण्यात आली. परंतु ती मोठी दुर्बीण तेथे पोहोचताच कामाला लागली नाही. दीर्घकाळ ती पडूनच होती. अव्वल दर्जाचे यंत्र, विनामूल्य हस्तांतरण आणि घेणारी संस्था तज्ज्ञांची, तरीही हे घडले. उपकरण येण्यापूर्वी त्याची जागा, त्याचा पाया आणि ते वापरणारा माणूस ठरलेला नसेल तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. जमाखर्चाच्या भाषेत ती मालमत्ता खातेवहीत होती, उत्पन्नात मात्र तिचा मागमूस नव्हता.

याच्या उलट उदाहरणही कोडाईकनालचेच आहे. मद्रास वेधशाळेने १८५० मध्ये पॅरिसच्या लेरेबूर व सेक्रेतां यांच्याकडून सहा इंची दुर्बीण घेतली होती. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८९८ मध्ये, ग्रब कारखान्याने ती नव्याने घडवून सूर्याची छायाचित्रे घेण्याजोगी केली. जुन्या भिंगाला नवा सांगाडा मिळाला आणि यंत्राचे आयुष्य वाढले. कोडाईकनाल येथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून साठत गेलेला सूर्यछायाचित्रांचा संग्रह आज जगातील मोलाच्या सौर संग्रहांपैकी एक गणला जातो. जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये सौर डागांतील वायूच्या अरीय प्रवाहाचा शोध लावला, तोही याच वेधशाळेत.

राजस्थानातील उदाहरण उदयपूरचे आहे. डॉ. अरविंद भटनागर यांच्या पुढाकाराने १९७५ च्या सुमारास फतेहसागर तलावातील बेटावर उदयपूर सौर वेधशाळा उभी राहिली. तिच्या आरंभीच्या साधनांत ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेकडून मिळालेल्या सौर दुर्बिणीचा समावेश होता. तलावातील जागा केवळ रम्य म्हणून निवडलेली नव्हती. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरील हवा थरथरू लागते आणि सूर्यप्रतिमा पाण्यातील नाण्यासारखी हलते. सभोवती पाणी असल्यास ही थरथर बरीच कमी होते. पुढे १९८१ पासून ही वेधशाळा केंद्र सरकारच्या अंतराळ विभागाकडे आली, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा भाग झाली आणि सूर्याच्या स्पंदनांचा अखंड अभ्यास करणाऱ्या सहा केंद्रांच्या ‘गाँग’ या जागतिक जाळ्यातही तिला स्थान मिळाले. तेथे २०१५ मध्ये ५० सेंटिमीटर व्यासाची ‘मास्ट’ ही नवी दुर्बीण कार्यरत झाली. आरंभ मात्र दुसऱ्याने वापरलेल्या यंत्रापासून झाला होता आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नव्हते.

पारख

हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीची परीक्षा सूर्याखालीच होते. घरात, दिव्याखाली किंवा छायाचित्रावरून ती होऊ शकत नाही. विक्रेता दुसऱ्या गावचा असेल, तर एक दिवस खर्चून तेथे जाणे हा खर्च नसून किमतीचाच भाग समजावा.

दुर्बीण सूर्याकडे वळविण्यापूर्वी भर उजेडात तिच्या काचा तपासाव्यात. काही जुन्या नमुन्यांत वस्तुभिंगावरील लेप कालांतराने तांबूस, गंजल्यासारखा दिसू लागतो. नेत्रिकेच्या बाजूने आत पाहिले असता लहानशी निळसर गाळणी दिसते. ती स्वच्छ आरशासारखी असावी. तिच्यावर दुधी ठिपके किंवा बुरशीसारखे डाग असल्यास लेप बिघडला आहे, असे समजावे. दमट हवेत राहिलेल्या दुर्बिणींत हा दोष विशेष आढळतो. त्यामुळे मुंबई-कोकणात वापरलेली दुर्बीण आणि जयपूर-जोधपूरकडील दुर्बीण यांत, इतर सर्व सारखे असता, दुसरीस पसंती द्यावी. कोरड्या प्रदेशात धुळीचा उपद्रव असतो खरा, पण धूळ झटकता येते, खराब झालेला लेप पूर्ववत होत नाही. ही गाळणी बदलता येते आणि ती परदेशातून मागविताही येते. मात्र तिचा खर्च मागणीच्या किमतीतून वजा झालाच पाहिजे आणि बदलण्याचे काम जाणकाराकडूनच व्हावे. गाळणीची जागा किंवा प्रकार चुकला तर डोळ्याचे संरक्षण संपते.

यानंतर सूर्य पाहावा. जुळवणीचे चक्र फिरविताना कडेवरील कमानी आणि बिंबावरील तंतू क्रमाने स्पष्ट होऊन पुन्हा मावळले पाहिजेत. चक्र एका टोकास अडकत असेल आणि तरीही चित्र पूर्ण स्पष्ट होत नसेल, तर इटॅलॉनची जुळवणी हलली आहे. सूर्यबिंबाचा एकच पट्टा तपशीलवार व उरलेला भाग सपाट दिसणे, हे कमीअधिक प्रमाणात स्वस्त नमुन्यांत आढळतेच. ते प्रमाण किती, हे बिंब दृष्टिक्षेत्रात इकडून तिकडे सरकवून पाहावे. हवेच्या दाबाने जुळवणी होणाऱ्या दुर्बिणीत रबरी कडी झिजून हवा गळू लागते. चक्र घट्ट करताना हाताला प्रतिकार जाणवला पाहिजे आणि चित्र काही मिनिटे स्थिर राहिले पाहिजे. विजेवर तापणाऱ्या गाळण्यांत जुळवणी तापमानाने होते. तेथे वीजजोड, केबल आणि तापण्यास लागणारा वेळ पाहावा. वेध घेण्याच्या दिवशी सूर्यावर एकही कमान नसण्याचाही योग येतो. त्या दिवशी सौर वेधशाळांनी घेतलेली छायाचित्रे इंटरनेटवर पाहून आपल्या दुर्बिणीत काय दिसावयास हवे होते, याची खात्री करता येते.

स्टँड आणि मोटार यांसाठी मात्र जयसिंहांचीच कसोटी पुरे. आस हलवून पाहावा. तो ढिला असेल किंवा अडखळत असेल, तर दात झिजले आहेत. हा दोष दुरुस्त होतो, म्हणून त्यासाठी चांगली दुर्बीण सोडू नये.

साध्या दुर्बिणीवरील पटल सूर्याकडे धरून, पण दुर्बिणीतून न पाहता, तपासावे. एकही छिद्र, भेग किंवा लेप निघालेला ठिपका दिसल्यास ते कात्रीने कापून टाकावे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. २४ ऑक्टोबर १९९५ चे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी जयपूरच्या उत्तरेकडील नीम का थाना येथे देशभरातून निरीक्षक लोटले होते. एक मिनिटाहूनही कमी वेळ खग्रास स्थिती लाभलेल्या त्या ग्रहणासाठी घेतलेले चष्मे व पटले आजही काही कपाटांत जपून ठेवलेली असतील. आठवण म्हणून ती मोलाची आहेत. सूर्य पाहण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये.

सर्वांत मोठा धोका जुन्या दुर्बिणींसोबत फुकट येतो. पूर्वीच्या लहान दुर्बिणींच्या पेटीत नेत्रिकेला लावावयाची, ‘सूर्य’ असे लिहिलेली एक गडद काच असे. वस्तुभिंगाने एकत्र केलेली सारी उष्णता त्या काचेवर पडते आणि ती क्षणात तडकू शकते. डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नाही. इजा होताना काही कळत नाही. काही तासांनी दृष्टीच्या मध्यभागी काळा डाग जाणवू लागतो आणि तो कायमचा राहू शकतो. अशी काच पेटीत आढळल्यास ती त्याच दिवशी फोडून टाकावी. दुर्बिणीवरील लहान शोधक दुर्बीणही झाकून किंवा काढून ठेवावी. शाळेसाठी घेतलेल्या दुर्बिणीत हे विशेष कटाक्षाने पाहावे लागते, कारण शिक्षक मोठ्या नळीकडे लक्ष देत असताना मुलाचा डोळा छोट्या नळीकडे गेलेला असतो.

मोल

आता किंमत. वापरलेल्या वस्तूचे मोल ठरविताना बहुतेक लोक घसाऱ्याचा विचार करतात आणि तो अपुरा ठरतो. समजा, एक दुर्बीण नवी असताना १,००,००० रुपयांची होती. घटत्या शिलकीच्या पद्धतीने दरसाल १५ टक्के घसारा धरला, तर पाच वर्षांअखेर तिचे पुस्तकी मूल्य सुमारे ४४,३७० रुपये होते. विक्रेता ४५,००० मागतो आणि ग्राहकास सौदा रास्त वाटतो. परंतु काच ही मोटारीप्रमाणे दरवर्षी ठरावीक प्रमाणात झिजत नाही. नीट राखलेला इटॅलॉन वीस वर्षांनीही उत्तम चालू शकतो आणि निष्काळजीपणे ठेवलेली गाळणी तीन वर्षांत निकामी होऊ शकते. म्हणून येथे वयापेक्षा अवस्थेस महत्त्व द्यावे. वरील दुर्बिणीची गाळणी बदलण्यास, मागणावळ व शुल्कासह, समजा २०,००० रुपये लागणार असतील, तर मागितलेल्या ४५,००० रुपयांतून ते वजा करूनच बोलणी सुरू करावी.

दुसरा घटक आहे सेवेचा. २००४ मध्ये बाजारात आलेल्या कोरोनाडो कंपनीच्या ‘पीएसटी’ या ४० मिलिमीटर व्यासाच्या लहान दुर्बिणीने हायड्रोजन-अल्फा निरीक्षण हौशी माणसाच्या आवाक्यात आणले. वापरलेल्या बाजारात आजही हीच दुर्बीण वारंवार दिसते. त्याच वर्षी कोरोनाडो ही कंपनी मीड या कंपनीकडे गेली. मीडने २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, २०२१ मध्ये ती ओरायनशी संबंधित उद्योगाकडे आली आणि २०२४ मध्ये या उद्योगाचेच कामकाज थांबले. म्हणजे दुर्बीण चांगली असली तरी तिच्यामागे निर्माता उभा नाही. कोरोनाडोचे संस्थापक डेव्हिड लंट यांच्या पुत्राने २००८ मध्ये लंट सोलर सिस्टिम्स ही स्वतंत्र कंपनी सुरू केली. निर्माता कार्यरत असलेल्या दुर्बिणीला थोडी अधिक किंमत देणे हे विम्याचा हप्ता देण्यासारखे आहे.

तिसरा घटक आहे वेळेचा. सौर डागांचे चक्र सरासरी ११ वर्षांचे असते. सध्याचे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि त्याचा कमाल टप्पा २०२४ मध्ये आला. चक्र उतरणीस लागले की पांढऱ्या प्रकाशात पाहण्याजोगे डाग कमी होतात आणि उत्साहाच्या भरात दुर्बीण घेतलेले काही जण ती विकावयास काढतात. हायड्रोजन-अल्फाच्या निरीक्षकास शांत काळातही कडेवरील कमानी पाहावयास मिळतात, म्हणून त्याच्यासाठी उतरणीचा काळ हाच खरेदीचा काळ. याउलट ग्रहण जवळ आले की मागणी वाढते. २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण इजिप्तमध्ये खग्रास आणि पश्चिम भारतात खंडग्रास दिसणार आहे. त्याच्या आदल्या महिन्यात घाईने केलेली खरेदी महाग पडण्याचीच शक्यता अधिक.

परदेशातून जुनी दुर्बीण मागविणाऱ्याने केवळ विक्रेत्याची किंमत पाहू नये. सीमाशुल्काची आकारणी मालवाहतूक व विमा धरून येणाऱ्या मूल्यावर होते. जुन्या मालाच्या आयातीचे नियम आणि बँकेमार्फत रक्कम पाठविण्याची रीत आधी विचारून घ्यावी. माल बंदरात आल्यावर विचारणे उशिराचे ठरते.

कागद आणि पैसा

खासगी व्यक्तीने स्वतःच्या वापरातील दुर्बीण विकल्यास तो व्यवसायातील पुरवठा नसल्याने त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. जुन्या मालाचा नोंदणीकृत व्यापारी मात्र, ठरावीक अटींवर, खरेदी व विक्री यांतील फरकावर कर आकारू शकतो आणि तो रीतसर बिल देतो. हे बिल महत्त्वाचे आहे, कारण ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार व्यापाऱ्याविरुद्ध मिळतो. दोन व्यक्तींमधील खासगी सौद्यात १९३० च्या मालविक्री कायद्यातील जुने तत्त्व लागू पडते : वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे खरेदीदाराची. म्हणून अशा सौद्यातही एक साधा कागद करावा. त्यात दुर्बिणीचे नाव, अनुक्रमांक, सोबतच्या वस्तू, ज्ञात दोष, किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. मूळ खरेदीची पावती मिळाल्यास तीही घ्यावी. विक्रेत्याकडे ती नसेल आणि अनुक्रमांकाची पट्टी खरवडलेली असेल, तर सौदा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

पैसे शक्यतो वस्तू पाहून, बँक खात्यातूनच द्यावेत. ‘आधी थोडी रक्कम पाठवा, दुसरा गिऱ्हाईक थांबला आहे’ हे वाक्य वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात फार जुने आहे. नवी फसवणूक उलट दिशेने येते. आपली वस्तू विकणाऱ्यास ‘पैसे मिळविण्यासाठी’ क्यूआर संकेत स्कॅन करून यूपीआय पिन टाकावयास सांगितले जाते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे खात्यातून बाहेर गेले. असे घडल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. पहिल्या काही तासांतच रक्कम रोखली जाण्याची आशा असते.

कर्ज काढून जुनी दुर्बीण घ्यावी काय? समजा, ४०,००० रुपये वार्षिक १२ टक्के दराने २४ महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १,८८३ रुपये येतो आणि एकूण व्याज जवळपास ५,२०० रुपये होते. रक्कम फार मोठी नाही. पण वापरलेली दुर्बीण तारण म्हणून सहसा उपयोगी पडत नाही आणि कर्ज वैयक्तिक स्वरूपाचे राहते. त्याऐवजी तेवढाच हप्ता आवर्ती ठेवीत भरल्यास दोन वर्षांपूर्वीच रक्कम उभी राहते. दरम्यान शंभर-दोनशे रुपयांच्या पुठ्ठ्यावर छिद्रप्रतिमा पाहता येते आणि ही हौस खरोखर टिकणारी आहे काय, हेही कळते.

शाळा किंवा मंडळ दुर्बीण घेणार असेल, तर खरेदीपूर्वी दोन नावे ठरलेली असावीत : ती हाताळणाऱ्याचे आणि तो गैरहजर असल्यास हाताळणाऱ्याचे. जडवस्तू नोंदवहीत अनुक्रमांकासह नोंद करावी, विम्यात उपकरणाचा स्पष्ट उल्लेख करावा आणि गाळणी दर सहा महिन्यांनी तपासल्याची सही घ्यावी. पारख करण्यास स्थानिक जाणकाराची मदत घेता येते. जयपूरमध्ये बी. एम. बिर्ला तारांगणासारख्या ठिकाणी अशा लोकांची चौकशी करावी.

दुर्बीण घरी आल्यावर

जयपूरच्या गच्चीवर सूर्यनिरीक्षणाची उत्तम वेळ सकाळची. सूर्य पुरेसा वर आलेला असतो आणि सिमेंटचा गिलावा अजून तापलेला नसतो. दहा-अकरानंतर गच्चीवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे उत्तम दुर्बीणही सामान्य वाटू लागते. खरेदीच्या वेळची परीक्षाही म्हणूनच सकाळी घ्यावी. दुपारी चार वाजता तापलेल्या गच्चीवर पाहून चांगली दुर्बीण नाकारण्याची चूक सहज होते. गच्चीपेक्षा हिरवळ बरी. वैशाख-ज्येष्ठात येणाऱ्या धुळीच्या वादळाची चाहूल लागताच दुर्बीण पेटीत जावी. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. भिंग कापडाने पुसण्याची घाई करू नये. आधी फुंकणीने धूळ उडवावी, कारण राजस्थानच्या वाळूचा एक कण लेपावर कायमचा ओरखडा काढण्यास पुरेसा असतो.

पहिल्या महिन्यात रोज एकाच वेळी सूर्याचे रेखाचित्र काढून ठेवल्यास दुर्बिणीचे दोषही आपोआप उघड होतात. सौर डाग दिवसागणिक पूर्व कडेकडून पश्चिमेकडे सरकत जातात आणि साधारण दोन आठवड्यांत बिंबाआड होतात. रोज त्याच जागी दिसणारा डाग सूर्यावरचा नसून काचेवरचा असतो. तो आढळल्यास विक्रेत्याशी केलेला कागद काढावा आणि ज्ञात दोषांच्या रकान्यात त्याचा उल्लेख आहे काय, ते पाहावे.